परवली, दस्तक आणि मोर्तब : माहितीच्या सुरक्षेच्या मराठी शब्दांचा इतिहास

१/
हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर बँकेचा संदेश येतो : काही आकडे आणि सोबत ‘ओटीपी’ हा शब्द. थोड्याच वेळात कुणाचा तरी फोन येतो आणि ‘व्हेरिफिकेशनसाठी’ तो आकडा विचारला जातो. सरकारी मराठीत यासाठी ‘अधिप्रमाणन’ असा शब्द आहे. त्या शेतकऱ्याला दोन्ही शब्द सारखेच परके. खाते रिकामे होते ते बहुधा या परकेपणाच्या फटीतून.

२/
यावरून एक समज दृढ झाला आहे : माहितीची सुरक्षा हा विषयच आयात झालेला, म्हणून त्याला मराठी शब्द नाहीत, असलेच तर ते कोशात घडवलेले. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ओळख पटवणे, परवानगी तपासणे, मजकूर गुप्त ठेवणे आणि तो कुणी बदलू नये याची तजवीज करणे ही चारही कामे मराठी मुलुखात शतकानुशतके चालत आली. त्यांचे शब्दही होते. त्यांपैकी काही अजून रोजच्या बोलण्यात आहेत. फक्त त्यांचा मूळ धंदा विस्मरणात गेला आहे.

३/
प्रथम ‘परवली’ घ्या. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपाई अंधारातून येणाऱ्याला अडवी आणि ठरलेला शब्द विचारी. शब्द जुळला तर वाट मोकळी, नाही तर बंदूक रोखलेली. तो परवलीचा शब्द. पासवर्डसाठी आज हाच प्रतिशब्द सुचवला जातो आणि तो अस्सल देशी वाटतो. कोशकार मात्र त्याचे नाते युरोपीय फौजांतील ‘पॅरोल’ या शब्दाशी जोडतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘शब्द’, आणि लष्करी व्यवहारात पहाऱ्यावरचा खुणेचा शब्द.

४/
म्हणजे इंग्रजी शब्दाला हटवण्यासाठी जो ‘शुद्ध’ शब्द पुढे केला जातो, तोही एकेकाळी फिरंगी छावणीतूनच आलेला दिसतो. फरक इतकाच की तो वापरून वापरून गुळगुळीत झाला. पुढे त्याच्या अर्थाने गंमतीदार कोलांटी घेतली. आज वर्तमानपत्रांत ‘परवलीचा शब्द’ म्हणजे ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला शब्द. जो फक्त दोघांनाच ठाऊक असावा, तो सर्वांना ठाऊक असलेला झाला! ओटीपीचे नेमके हेच होऊ नये, हीच तर आजची सारी धडपड आहे.

५/
दुसरा शब्द ‘दस्तक’. माल किंवा माणूस एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात नेण्याचा हा लेखी परवाना. नाक्यावर दस्तक दाखवले की जकातदार वाट सोडी. परवली सांगते की येणारा आपला आहे. दस्तक सांगते की त्याला अमुक करण्याची मुभा आहे. संगणकशास्त्रात या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या मानतात : आधी ‘तू कोण?’ आणि मग ‘तुला काय करता येईल?’ पहिले अधिप्रमाणन, दुसरे प्राधिकृती. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय घडते, याचे एक भयंकर उदाहरण हिंगोलीतच आहे.

६/
एकोणिसाव्या शतकात हिंगोली ही निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. १८३० च्या आगेमागे तेथे हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी राहत असे. फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याची हकीकत दिली आहे. आपण स्वतः आणि छावणीतील अनेकजण त्याच्याशी व्यवहार करीत होतो, असे टेलर लिहितो. हा व्यापारी ठगांच्या एका टोळीचा म्होरक्या होता.

७/
हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघाल्याची खबर हरिसिंगाला लागली. त्याने छावणीतील अधिकाऱ्याकडे अर्ज करून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना आधीच मिळवला. मग वाटेत त्या व्यापाऱ्याचा, त्याच्या नोकरांचा आणि जनावरे हाकणाऱ्यांचा खून केला, आणि तो माल आपल्या परवान्यावर हिंगोलीत आणून छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः कबुली दिली, तेव्हा कुठे हा प्रकार उघडकीस आला.

८/
येथे कागद खोटा नव्हता. शिक्का खरा, सही खरी, अधिकारी खरा. तपासले गेले ते फक्त परवानगीचे कलम. माल खरोखर या माणसाचा आहे काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर प्राधिकृती होती आणि अधिप्रमाणन नव्हते. बँकेच्या यंत्रणेला योग्य ओटीपी मिळतो, पण तो देणारा खातेदार नसतो. तेव्हा हीच गोष्ट नव्या वेशात घडते. जाडजूड पारिभाषिक शब्दांमागे असा जुना, रक्ताळलेला अनुभव असतो.

९/
याच प्रकरणाला आणखी एक धागा आहे. ठगांची स्वतःची सांकेतिक बोली होती, तिला ‘रामासी’ म्हणत. विल्यम स्लीमनने १८३६ साली कलकत्त्याहून तिचा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. ठगीविषयीच्या कंपनीकालीन लेखनावर अलीकडच्या इतिहासकारांनी अनेक प्रश्न उपस्थित केले आहेत. कंपनीने ठगाचे चित्र किती रंगवले, हा वाद संपलेला नाही. पण त्या पुस्तकाचा हेतू स्पष्ट होता. राज्ययंत्रणेच्या दृष्टीने कोश रचणे हे येथे कुलूप फोडणे होते.

१०/
याच्या नेमके उलटे उदाहरण महानुभाव पंथाचे. चक्रधरस्वामींच्या आठवणींचा, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेला ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. सकळ, सुंदरी, अंक अशा अनेक लिप्या त्यांनी घडवल्या. त्यांतील सकळ लिपी सर्वांत प्रचलित. तिचे जनकत्व रवळोव्यासांकडे दिले जाते. एका अक्षराऐवजी ठरलेले दुसरे चिन्ह, हे तिचे तत्त्व. आज याला प्रतिस्थापन पद्धतीचे कूटलेखन म्हणतात.

११/
हेतू उघड होता : पवित्र वचन अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये. तो साध्यही झाला, पण त्याची किंमत मोठी होती. पोथ्या मठांत सुखरूप राहिल्या, आणि बाहेरच्या मराठी वाचकांना त्यांतील अक्षरही लागेना. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी या लिप्यांचे रहस्य उलगडू लागले. हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्र प्रकाशात आणले, वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ ची.

१२/
माहितीच्या सुरक्षेचे तीन आधारस्तंभ सांगितले जातात : गोपनीयता, अखंडता, उपलब्धता. मजकूर परक्याला कळू नये, कुणी तो बदलू नये, आणि ज्याला हवा त्याला तो मिळावा. हे तिन्ही एकमेकांशी ओढाताण करतात. सकळ लिपीने पहिला स्तंभ असा काही भक्कम केला की तिसरा कोसळला. काही शतके मराठी भाषा आपल्याच पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाला पारखी झाली. किल्ली हरवली की कुलूपबंद खजिना आणि नसलेला खजिना यांत फारसा फरक उरत नाही.

१३/
दुसऱ्या स्तंभाचा, अखंडतेचा, मराठी शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे : शिक्कामोर्तब. शिवकालीन राजपत्रात माथ्यावर मुख्य मुद्रा उमटे आणि मजकूर संपला की अखेरीस एक लहान मुद्रा. शिवाजी महाराजांच्या या अखेरच्या मुद्रेवर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत : येथे लेखनाची मर्यादा झाली. हेच मोर्तब. हा शब्द अरबी ‘मुरत्तब’वरून आलेला. मोर्तबाखाली कुणी एक ओळ जरी वाढवली, तरी ती पत्राबाहेरची ठरे.

१४/
लांबलचक कागद एकाला एक चिकटवून जोडलेले असत. जोडावर मागच्या बाजूने शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घातला तर तुटलेला ठसा चोरी सांगे. पत्राची नोंद दफ्तरात होई ती वेगळीच. आजची डिजिटल स्वाक्षरी हेच काम गणिताने करते : मजकुरातील एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही. भारतात तिला कायद्याची मान्यता माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने दिली. कल्पना मात्र त्याआधी तीन शतके मोर्तबात होती.

१५/
पत्र पाठवताना ते लाखेने बंद करीत. त्या लाखेवरून ‘लखोटा’. फोडल्याशिवाय वाचता येत नाही आणि फोडल्याचे लपत नाही, हा त्याचा गुण. संदेश पाठवणारा आणि स्वीकारणारा यांच्यामधल्या कुणालाही वाचता येऊ नये, ही आजच्या संदेशवहन ॲपची हमी समजावून सांगायला लखोट्याइतका सोपा दाखला दुसरा नाही. अधिकृत कोशांतून मात्र त्यासाठी ‘कूटलेखन’, ‘कूटबद्धीकरण’ असे शब्द येतात.

१६/
‘कूट’ या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. संस्कृतात कूट म्हणजे कपट, खोटेपणा. कूटतुला म्हणजे खोटा तराजू, कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार. राजाज्ञेची बनावट करणाऱ्याला मनुस्मृती ‘कूटशासनकर्ता’ म्हणते आणि देहदंड सांगते. जो शब्द कागदाशी केलेल्या दगाबाजीचा होता, तोच आज कागदाच्या रक्षणाचा झाला. मधला दुवा ‘कोडे’ या अर्थाचा : कूटप्रश्न. शब्दाचे चारित्र्य असे बदलते, आणि कोशकाराच्या हाती त्यातले थोडेच असते.

१७/
‘दूरसंचार’मधील ‘संचार’ही असाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे दोन वर्ग आहेत : एका जागी राहणारे ते ‘संस्था’ आणि फिरते ते ‘संचार’. त्यांची बातमी ‘संज्ञालिपी’तून, म्हणजे खुणांच्या लिपीतून पोहोचवावी, असेही तो सांगतो. मराठीत अंगात देवीचा संचार होतो, वाघाचा मुक्त संचार असतो आणि दंगल झाली की संचारबंदी लागते. माणसाच्या, देवाच्या आणि हेराच्या हालचालीचा शब्द आज ध्वनी आणि आकड्यांच्या हालचालीला लावला जातो.

१८/
हे शब्द घडवण्याचे काम राज्यांनीही जाणीवपूर्वक केले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा सुमारे १,४०० शब्दांचा कोश, आणि त्यात ‘लेखनवर्ग’ असा स्वतंत्र भाग होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्याने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा शासकीय कोश काढला. राज्य नवे झाले की त्याला आपली भाषा नव्याने मांडावीशी वाटते.

१९/
हट्टा मात्र तेव्हा तिसऱ्याच कोशाच्या सावलीत होते. तेव्हा हा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९१७ साली हैदराबादेत ‘दारुत्तर्जुमा’ हा अनुवाद विभाग स्थापन झाला. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण देण्यासाठी त्याने विज्ञानाची परिभाषा घडवली. परिभाषा कशी रचावी यावर वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. भारतीय भाषेतून आधुनिक विज्ञान शिकवण्याचा हा मोठा प्रयोग होता.

२०/
तो प्रयोग जितका थोर, तितकाच मराठवाड्याच्या मराठी, हैदराबादेच्या तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या रयतेला तो परका. जिल्हाधिकारी म्हणजे ‘अव्वल तालुकदार’, पोलिसांचा फौजदार म्हणजे ‘अमीन’. वायरलेसला उर्दू शब्द ‘लासिल्की’ : अरबी ‘ला’ म्हणजे नाही, ‘सिल्क’ म्हणजे तार. मराठीने तोच विचार करून ‘बिनतारी’ म्हटले. वायरलेस, लासिल्की, बिनतारी : तिन्ही भाषांनी ‘तार नाही’ एवढेच सांगितले. पण बिनतारी शब्द निरक्षर माणसालाही ऐकताच कळला, कारण ‘तार’ त्याच्या ओळखीची होती.

२१/
ती तार आली विल्यम ओ’शॉनेसीच्या हस्ते. १८५०-५१ मध्ये कलकत्त्याजवळ पहिली तारेची ओळ, १८५४ पासून मुंबईही जोडलेली. मराठीने यंत्राचे लांब नाव न घेता त्याच्या दिसणाऱ्या भागाचे नाव घेतले. ‘तार आली’ म्हटले की घरात काळजाचा ठोका चुकत असे. १८८५ च्या तार अधिनियमातील व्याख्या इतकी सैल होती की टेलिफोन, रेडिओ आणि पुढे मोबाइलही कायद्याच्या लेखी ‘तार’च राहिले. तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. तो अधिनियम हटवणारा दूरसंचार अधिनियम आला २०२३ मध्ये.

२२/
‘दूरध्वनी’सारखे शब्द वि. दा. सावरकरांच्या भाषाशुद्धी चळवळीच्या नावावर सांगितले जातात. तिला विरोध करणारेही होते : ‘फारसी-मराठी कोश’ रचणाऱ्या माधव जूलियन यांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून रुळलेल्या शब्दांची बाजू मांडली. महाराष्ट्र झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ चा ‘पदनाम कोश’ टीकाकारांनी ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवला. तरीही त्या काळातील कितीतरी शब्द आज कुणाला खटकतही नाहीत. सवय हा परिभाषेचा सर्वांत मोठा न्यायाधीश.

२३/
केंद्रातही १९६१ साली वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग नेमला गेला. भारतीय भाषांत सारखेपणा राहावा म्हणून त्याचा भर संस्कृत धातूंवर होता. त्याचा लाभ झाला, तोटाही. ‘प्रमाणीकरण’ हा एकच शब्द ओळख पटवणे, प्रमाणपत्र देणे आणि प्रमाण ठरवणे या तीन कामांना लागला. ‘गोपनीयता’ सरकारी गुपितालाही आणि माणसाच्या खासगीपणालाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत अधिकार म्हणून मान्य केला तो यांतला दुसरा. राज्याचे गुपित आणि नागरिकाचा खासगीपणा अनेकदा समोरासमोर उभे ठाकतात. त्यांना एकच शब्द असणे ही नुसती भाषिक गैरसोय नव्हे.

२४/
आता पुन्हा हट्ट्याकडे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. याच प्रवासात गावाने उर्दू, इंग्रजी आणि संस्कृतप्रचुर मराठी अशा तीन परिभाषा अंगावरून जाताना पाहिल्या. तिन्ही घडवणारे विद्वान होते. तिन्हींत सामान्य माणूस अर्ज लिहून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जात राहिला. आज तो मोबाइल घेऊन दुसऱ्याकडे जातो, आणि त्यासोबत आपली परवलीही त्याच्या हाती देतो.

२५/
जे शब्द टिकले त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते. तार देशी की फारसी, मोर्तब अरबी, परवली फिरंगी, लखोटा मराठी : मुळाने कुणाला तारले नाही की बुडवले नाही. ज्या शब्दातून कामाची खूण दिसली तो राहिला. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे. पण फसल्यानंतरचा तो उपाय. फसण्याआधीचा पहारेकरी शब्दच असतो. ‘अधिप्रमाणन संकेतांक उघड करू नये’ या सूचनेऐवजी ‘ही तुमची परवली आहे, विचारणारा बँकेचा असला तरी सांगू नका’ असे म्हटले, तर अंधारातून येणाऱ्याला कसे अडवायचे हे हट्ट्यात कुणाला शिकवावे लागणार नाही.